दादासाहेब फाळके : निर्मात्याचे स्वातंत्र्य आणि भांडवलाचा प्रश्न

दादासाहेब फाळके यांच्या चरित्राची मांडणी आपल्याकडे प्रायः दोन पद्धतींनी झालेली आढळते. एका पद्धतीत ते भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून पूजिले जातात. दुसरीत व्यवहारशून्य कलावंताची शोकांतिका म्हणून त्यांच्या आयुष्याकडे पाहिले जाते. दोन्ही मांडण्यांत एक प्रश्न मागे पडतो. जो व्यवसाय या देशात अस्तित्वातच नव्हता, त्यासाठी पैसा कोणी, कशाच्या तारणावर आणि कोणत्या अटींवर उभा केला? हा प्रश्न मध्यवर्ती ठेवून फाळके यांचा जीवनक्रम पाहिला, तर त्यांच्या वारंवारच्या राजीनाम्यांचा आणि पुनरागमनांचा अर्थ अधिक स्पष्ट होतो, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे एका शास्त्रीघराण्यात झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतच्या अध्यापनासाठी मुंबईस आले आणि धुंडिराजांना १८८५ मध्ये जे. जे. कलाशाळेत प्रवेश मिळाला. पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकलेबरोबरच छायाचित्रण आणि मुद्रणाच्या प्रक्रिया त्यांनी आत्मसात केल्या. गोध्रा येथे छायाचित्रकाराचा व्यवसाय थाटला असता प्लेगच्या साथीत पहिली पत्नी व मूल त्यांनी गमावले. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. या पत्नी म्हणजे सरस्वतीबाई. १९०३ मध्ये पुराणवस्तुसंशोधन खात्यात मिळालेली नोकरी त्यांनी स्वदेशीच्या चळवळीच्या काळात सोडली आणि लोणावळ्यास मुद्रणाचा व्यवसाय सुरू केला. तोच पुढे दादर येथे 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' या नावाने नावारूपास आला. १९०९ मध्ये रंगीत छपाईच्या यंत्रसामग्रीसाठी ते जर्मनीसही जाऊन आले.

या छापखान्याचा शेवट मात्र भागीदारांशी झालेल्या मतभेदांत झाला. भरभराटीस आलेला धंदा सोडून फाळके रिकाम्या हातांनी बाहेर पडले. पुढील आयुष्यात अनेकदा घडणाऱ्या प्रसंगाचा हा पहिला आविष्कार होय. कारागिरी फाळक्यांची, पैसा दुसऱ्याचा आणि निर्णयाचा अधिकार वादग्रस्त, हे त्रांगडे चित्रपटाच्या कितीतरी आधी सिद्ध झालेले होते.

येशूच्या जीवनावरील चित्रपट गिरगावातील तंबूत पाहिल्यानंतर त्यांना स्वतःच्या कार्याची दिशा सापडली, ही हकीकत सर्वज्ञात आहे. त्यानंतरचे अर्थव्यवहार तितकेसे ध्यानात घेतले जात नाहीत. अविरत प्रयोगांमुळे दृष्टी जाण्याची वेळ आली. उपचारांनी ती परत मिळाली. त्यानंतर आयुर्विम्याची पॉलिसी गहाण टाकून त्यांनी विलायतेचा खर्च भागविला. फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले आणि सिसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओतील कामाची पद्धती पाहून, विल्यमसन कॅमेरा व छपाईची यंत्रे यांची व्यवस्था करून परतले. कुटुंबप्रमुखाच्या मृत्यूनंतर घराला आधार व्हावा म्हणून केलेली तरतूद अशा रीतीने भारतीय चित्रपटाचे पहिले भांडवल ठरली.

तारण म्हणून ठेवण्याजोगे आता फारसे काही उरले नव्हते. तेव्हा फाळक्यांनी एक वेगळाच मार्ग काढला. कुंडीत पेरलेल्या वाटाण्याच्या दाण्यातून रोप वर येताना त्यांनी टप्प्याटप्प्याने चित्रित केले. मिनिटभराच्या आसपास चालणारी ही 'अंकुराची वाढ' काही निवडक मंडळींना दाखविण्यात आली आणि ती पाहून यशवंतराव नाडकर्णी व नारायणराव देवहारे यांच्याकडून कर्जाचे आश्वासन मिळाले. आपल्याकडील चित्रपटव्यवसायात कौशल्याचे प्रात्यक्षिक हेच तारण ठरल्याचे हे आद्य उदाहरण मानता येईल.

उरलेली तूट सरस्वतीबाईंच्या दागिन्यांनी भरून निघाली. त्यांचा वाटा एवढ्यावरच संपत नाही. कच्च्या फिल्मच्या कडांना अंधारात छिद्रे पाडणे, रसायनांचे मिश्रण करणे, चित्रण चालू असताना सर्व मंडळींचा स्वयंपाक सांभाळणे ही कामे त्यांनी केली. आजच्या हिशेबात यास तंत्रज्ञाचे वेतन आणि निर्मितिखर्च अशी नावे मिळाली असती. त्यावेळच्या कोणत्याही खतावणीत त्याची नोंद होण्याची शक्यता नव्हती. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला, तो या विनानोंद भांडवलावर.

त्या यशानंतर फाळक्यांनी आपला कारखाना नाशिकला हलविला. 'मोहिनी भस्मासुर' आणि 'सत्यवान सावित्री' तयार झाले आणि १९१४ मध्ये तिन्ही चित्रपट घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. तेथेच राहून चित्रपट काढण्याचे बोलावणे त्यांनी नाकारले. त्याच सुमारास महायुद्ध भडकले. कच्च्या फिल्मची टंचाई झाली, पैसे लावणाऱ्यांनी हात आखडता घेतला आणि नाशिकची मंडळी वेतनाविना बसली. 'लंकादहन' (१९१७) पडद्यावर येईपर्यंतचा काळ त्यांनी कर्जाच्या शोधात घालविला.

मराठीच्या अभ्यासकाने विशेष लक्ष द्यावे असा टप्पा यानंतरचा आहे. १९१७-१८ मध्ये 'नवयुग' मासिकात फाळक्यांनी 'भारतीय चित्रपट' या विषयावर लेखमाला लिहिली. तिचा निर्देश आत्मवृत्ताचे साधन म्हणून नेहमी होतो. परंतु ती ज्या वेळी लिहिली गेली ती वेळ ध्यानात घेतली, तर तिचे स्वरूप आवाहनाचेही आहे. हालअपेष्टांचे वर्णन, स्वदेशीचा अभिमान आणि धंद्याच्या शक्यतेचे प्रतिपादन ही तिची अंगे एकाच हेतूने परस्परांशी बांधलेली आहेत. वाचक म्हणून तिला रसिक जितका अभिप्रेत आहे, तितकाच संभाव्य भागधारकही. चित्रपटविषयक मराठी गद्याच्या आरंभीच कलाविचार आणि भांडवलाची मागणी असे एकत्र नांदताना दिसतात.

लोकमान्य टिळक आणि काही मुंबईकर उद्योगपती यांनी मर्यादित कंपनी उभारण्याचा घाट घातला होता. ते जमले नाही. अखेर १९१८ मध्ये वामन श्रीधर आपटे प्रभृती भागीदारांसह 'हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी' स्थापन झाली. 'श्रीकृष्णजन्म' आणि 'कालियामर्दन' यांनी अमाप लोकप्रियता मिळविली. कन्या मंदाकिनी हिने त्यांत बाळकृष्णाची भूमिका केली. परंतु यश वाढले तसा कलहही वाढला. फाळके एका दृश्यासाठी वेळ व फिल्म मुक्तहस्ते खर्च करीत. भागीदारांना खर्चाची मर्यादा आणि ठरलेल्या मुदतीत चित्रपट हवा असे. यात एका पक्षाला लोभी आणि दुसऱ्याला उधळ्या ठरविणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. भागीदारांच्या दृष्टीने पैसा ही व्यापारी गुंतवणूक होती. फाळक्यांच्या दृष्टीने ती प्रयोगाची किंमत होती. अनुभवाचा कोणताही दाखला नसलेल्या धंद्यात या दोन हिशेबांचा मेळ घालणारी व्यवस्था तोवर निर्माण झालेली नव्हती.

कंपनी सोडून फाळके काशीस गेले. तेथे त्यांनी 'रंगभूमी' हे समकालीन नाट्यव्यवसायावर टीका करणारे नाटक लिहिले. त्यास यश लाभले नाही. कंपनीत ते परतले, पण आता त्यांचे स्थान बदललेले होते. 'सेतुबंधन' पैशाअभावी रखडला आणि १९३२ मध्ये पडद्यावर आला, तोवर 'आलम आरा'ने (१९३१) बोलपटाचे युग सुरू केले होते. मूकपटाला मागाहून ध्वनीची जोड देऊनही कालौघ उलटविता आला नाही. कोल्हापूर सिनेटोनसाठी काढलेला 'गंगावतरण' (१९३७) हा त्यांचा अखेरचा चित्रपट आणि एकमेव बोलपट. ज्याने स्वतःची पॉलिसी गहाण टाकून आरंभ केला, त्याचा शेवट संस्थानी आश्रयाखालील संस्थेचा दिग्दर्शक म्हणून व्हावा, हे सूचक आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चित्रपटनिर्मितीसाठी सरकारी परवाना आवश्यक झाला. वृद्ध फाळक्यांनी केलेला अर्ज नामंजूर झाला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. १९६९ पासून त्यांच्या नावाने चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च राष्ट्रीय पुरस्कार दिला जाऊ लागला.

फाळक्यांच्या आयुष्याचा हा आलेख केवळ व्यक्तिगत अपयशाचा नाही. स्वतंत्र निर्माता ही संकल्पना आपल्याकडे जन्मतःच कर्जबाजारी होती आणि तिचे स्वातंत्र्य प्रत्येक वेळी नव्या तारणावर उभे राहिले. कधी ते तारण विम्याचे होते, कधी दागिन्यांचे, कधी कुंडीतल्या अंकुराचे, तर कधी मासिकातील गद्याचे. चित्रपटेतिहासाने त्यातील निर्माता जपला. त्याच्यामागील तारणांचा, विशेषतः सरस्वतीबाईंच्या श्रमांचा, हिशेब मांडण्याचे काम अद्याप व्हावयाचे आहे.