जिद्दी वैमानिक ॲमी जॉन्सन

विमान आकाशात चढविणे त्या मानाने सोपे. ते सुखरूप जमिनीवर उतरविणे मात्र कठीण. नवशिक्या वैमानिकाची खरी परीक्षा जमीन जवळ आली म्हणजे होते. या परीक्षेत वारंवार ठेचा खाऊनही जिने विमानविद्येच्या इतिहासात आपले नाव अमर केले, ती इंग्लंडची ॲमी जॉन्सन.

ॲमीचा जन्म १ जुलै १९०३ रोजी हल या बंदराच्या गावी झाला. तिचे वडील मासळीचे व्यापारी होते. शेफील्ड विद्यापीठाची पदवी घेतल्यानंतर ती लंडनमध्ये एका वकिलाच्या कचेरीत नोकरी करू लागली. १९२८ साली स्टॅग लेन येथील विमानतळावर तिने विमान चालविण्याचे शिक्षण घेण्यास प्रारंभ केला.

तेथील मॉथ जातीचे विमान अगदी लहान होते. त्यात दोघांपुरतीच जागा असे आणि त्याच्या पंखांवर कापड ताणून बसविलेले असे. चाकांना गतिरोधक नव्हते. उतरताना इंजिन मंद करून तरंगत खाली यावे लागे व जमीन काही हातांवर आली, की विमानाचे नाक अलगद उचलावे लागे. नाक आधीच उचलले, तर विमान धपकन आपटे. वेग अधिक राहिला, तर मैदान संपले तरी ते थांबत नसे. ॲमीला हा अंदाज सहजी साधेना. एकटीने पहिले उड्डाण करण्यापूर्वी तिला सुमारे सोळा तासांचे, म्हणजे इतरांहून अधिक, शिक्षण घ्यावे लागले. तरी तिने धीर सोडला नाही. उलट, कारखान्यात जाऊन ती यंत्रे खोलणे व जोडणे शिकली. १९२९ साली तिने वैमानिकाचा परवाना मिळविला आणि त्याच वर्षी विमानदुरुस्तीचाही. हा दुसरा परवाना मिळविणारी ती ब्रिटनमधील पहिली स्त्री होय.

आता तिने एकटीने ऑस्ट्रेलिया गाठण्याचा निश्चय केला. तोवर लंडन ते हल याहून लांबचा प्रवास तिने केला नव्हता! वडिलांच्या व लॉर्ड वेकफील्ड यांच्या साहाय्याने तिने एक जुने मॉथ विमान घेतले. वडिलांच्या पेढीच्या व्यापारचिन्हावरून त्याचे नाव ‘जेसन’ ठेवले. ५ मे १९३० रोजी तिने क्रॉयडन सोडले. कराचीस ती सहा दिवसांत पोहोचली. बर्ट हिंक्लर या वैमानिकाच्या १९२८ मधील विक्रमापेक्षा ती दोन दिवसांनी पुढे होती.

परंतु पुढे संकटे उभी राहिली. इंधन संपत आल्यामुळे तिला झाशी येथे सैनिकांच्या कवायतीच्या मैदानावर उतरावे लागले. विमान वेळेवर थांबले नाही आणि त्याच्या पंखास इजा झाली. ती दुरुस्त करून ती पुढे निघाली. ब्रह्मदेशात पावसाने दिशा दिसेना. रंगूनजवळच्या इन्सीन येथे एका तांत्रिक संस्थेच्या क्रीडांगणावर ती उतरली, तो विमान धावत जाऊन खड्ड्यात पडले. पंखा मोडला, पंख फाटला. दुसरी एखादी हताश होऊन बसली असती. ॲमीने मात्र बरोबर आणलेला जादा पंखा काढला आणि संस्थेतील शिक्षक-विद्यार्थ्यांसह ती कामाला लागली. फाटलेल्या पंखास ठिगळे लावण्यासाठी सदऱ्यांचे कापडही उपयोगी पडले. कारखान्यात मिळविलेले ज्ञान असे तिच्या कामी आले.

या दुरुस्तीत मोलाचे दिवस गेले व हिंक्लरचा विक्रम मोडला नाही. तथापि २४ मे रोजी ती डार्विन येथे उतरली. सुमारे १७,७०० किलोमीटरांचा हा प्रवास एकटीने करणारी ती पहिली स्त्री ठरली. पाचच दिवसांनी ब्रिस्बेन येथे उतरताना अंदाज पुन्हा चुकला आणि हजारो लोकांदेखत तिचे विमान उलटले. सुदैवाने तिला इजा झाली नाही. त्या फजितीनेही तिने विमान सोडले नाही. १९३२ साली लंडनहून केपटाउनला एकटीने जाऊन तिने विक्रम केला.

दुसऱ्या महायुद्धात विमाने एका तळावरून दुसऱ्या तळावर पोहोचविण्याचे काम तिने पत्करले. असेच एक विमान नेत असता ५ जानेवारी १९४१ रोजी थेम्स नदीच्या मुखाजवळ तिचा अंत झाला. तिचे ‘जेसन’ विमान लंडनच्या विज्ञान संग्रहालयात जतन करून ठेवले आहे. ॲमीच्या हातून चुका पुष्कळ झाल्या. पण मोडलेले पुन्हा जोडण्याची विद्या तिने आधीच हस्तगत केली होती, म्हणूनच कोणतीही चूक तिची वाट अडवू शकली नाही.