मुक्या जीवांसाठी कायदा मागणाऱ्या रुक्मिणीदेवी अरुंडेल

भरतनाट्यमला प्रतिष्ठेचे व्यासपीठ मिळवून देणाऱ्या थोर कलावती म्हणून रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचे नाव देशभर आदराने घेतले जाते. चेन्नईतील ‘कलाक्षेत्र’ ही संस्था त्यांच्या कर्तृत्वाची साक्ष देत उभी आहे. मात्र त्यांच्या आयुष्यातील दुसरे मोठे कार्य त्या मानाने दुर्लक्षित राहिले. घरातले आजारी मांजर असो, गाडीला जुंपलेला जखमी बैल असो किंवा प्रयोगशाळेच्या पिंजऱ्यातले माकड असो, त्यांच्या वेदनेची दखल घेणारा कायदा स्वतंत्र भारतात व्हावा यासाठी त्यांनी संसदेत आवाज उठवला. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० हे त्या प्रयत्नांचे फलित होय.

रुक्मिणीदेवींचा जन्म २९ फेब्रुवारी १९०४ रोजी मदुराई येथे झाला. वडील नीलकंठ शास्त्री हे सार्वजनिक बांधकाम खात्यात अभियंता होते. त्यांच्यावर थिऑसॉफीच्या विचारांचा प्रभाव होता आणि निवृत्तीनंतर ते मद्रासजवळ अड्यार येथे थिऑसॉफिकल सोसायटीच्या सान्निध्यात कुटुंबासह स्थायिक झाले. डॉ. ॲनी बेझंट यांच्या सहवासात रुक्मिणीदेवींच्या विचारांना दिशा मिळाली. सर्व जीवसृष्टी एकाच चैतन्याचा आविष्कार आहे, हा थिऑसॉफीचा सिद्धान्त आणि घरातील शाकाहाराचा संस्कार यांतून त्यांची प्राण्यांविषयीची करुणा आकाराला आली.

१९२० मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्यांनी इंग्रज शिक्षणतज्ज्ञ डॉ. जॉर्ज अरुंडेल यांच्याशी विवाह केला. जॉर्ज वयाने बरेच मोठे आणि परदेशी असल्याने मद्रासच्या सनातनी समाजात मोठी खळबळ माजली. पुढे १९३४ मध्ये जॉर्ज थिऑसॉफिकल सोसायटीचे अध्यक्ष झाले. पतीसमवेत केलेल्या प्रवासात रुक्मिणीदेवींची भेट विख्यात रशियन बॅले नर्तिका ॲना पावलोवा यांच्याशी झाली. आपल्या देशातील नृत्यपरंपरेचा शोध घ्यावा, असे पावलोवा यांनी त्यांना सुचवले.

१९३३ मध्ये मद्रासच्या म्युझिक ॲकॅडमीत त्यांनी सादिर नृत्य पाहिले. देवदासींच्या या नृत्याकडे त्या काळी पांढरपेशा समाज तिरस्काराने पाहत असे. रुक्मिणीदेवींनी मैलापूर गौरी अम्माळ आणि पंदनल्लूर मीनाक्षीसुंदरम पिल्लै यांच्याकडे त्याचे शिक्षण घेतले आणि १९३५ मध्ये अड्यारच्या संमेलनात जाहीर कार्यक्रम केला. ब्राह्मण घराण्यातील स्त्रीने असे नृत्य करणे अनेकांना रुचले नाही. तरीही जानेवारी १९३६ मध्ये त्यांनी कलाक्षेत्राची स्थापना केली. मनात रुजलेली आस्था केवळ व्यक्त करून न थांबता तिच्यासाठी टिकाऊ संस्था उभारायची, ही त्यांची कार्यपद्धती येथे प्रथम दिसते. प्राण्यांच्या बाबतीतही त्यांनी हीच वाट धरली.

१९५२ मध्ये राज्यसभा अस्तित्वात आली आणि राष्ट्रपतींनी पहिले बारा सदस्य नामनियुक्त केले. त्यात डॉ. झाकीर हुसेन, सत्येंद्रनाथ बोस, मैथिलीशरण गुप्त, पृथ्वीराज कपूर आणि मराठी वाचकांना परिचित असलेले काकासाहेब कालेलकर होते. या बाराजणांत रुक्मिणीदेवी एकट्याच महिला होत्या. कलावंत म्हणून सभागृहात आलेल्या या सदस्याने कलेच्या प्रश्नाइतकेच प्राण्यांच्या प्रश्नाला महत्त्व दिले.

भारतात प्राणिरक्षणाचे प्रयत्न तत्पूर्वी झाले नव्हते असे नाही. कोलकात्यात १८६१ मध्ये आणि मुंबईत १८७४ मध्ये प्राणिक्लेश प्रतिबंधक संस्था स्थापन झाल्या होत्या. दिनशा पेटिट यांच्या दातृत्वातून परळ येथे उभे राहिलेले बाई साकरबाई प्राणी रुग्णालय आजही कार्यरत आहे. ब्रिटिश सरकारने १८९० मध्ये कायदाही केला होता. परंतु त्याच्या दृष्टीने प्राणी म्हणजे पाळीव अथवा पकडून ठेवलेला जीव. मूळ स्वरूपात त्याचा भर रस्त्यावर आणि सार्वजनिक ठिकाणी घडणाऱ्या क्रौर्यावर होता. दाराआड जनावरांचे काय हाल होतात, याची विचारपूस करण्याचे बळ त्या कायद्यात नव्हते.

रुक्मिणीदेवींनी १९५३ मध्ये राज्यसभेत प्राण्यांवरील क्रौर्याला प्रतिबंध करणारे अशासकीय विधेयक मांडले. १९५४ मध्ये त्यावर चर्चा झाली. पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांनी विधेयकामागील भावनेविषयी सहानुभूती व्यक्त केली. मात्र विषयाची व्याप्ती मोठी असल्याने सरकार समिती नेमून स्वतः कायदा आणेल, असे आश्वासन देऊन त्यांनी विधेयक मागे घेण्याची विनंती केली.

हा प्रसंग त्यांच्या कसोटीचा होता. अशासकीय विधेयक मंजूर होणे दुर्मीळ, तर सरकारी आश्वासन पूर्ण होईलच याची शाश्वती नाही. विधेयकावर अडून राहिल्या असत्या तर तत्त्वनिष्ठेचे श्रेय मिळाले असते, परंतु कायदा हाती आला असताच असे नाही. त्यांनी विधेयक मागे घेतले आणि पाठपुरावा सोडला नाही. सरकारने समिती नेमली आणि अखेर डिसेंबर १९६० मध्ये राष्ट्रपतींच्या संमतीने नवा कायदा अस्तित्वात आला.

या कायद्याने प्राण्याची व्याख्याच बदलली. मानवाव्यतिरिक्त कोणताही सजीव म्हणजे प्राणी, असे त्यात स्पष्ट करण्यात आले. जनावराला अमानुष मारहाण करणे, क्षमतेपेक्षा अधिक ओझे लादणे, वय, आजार किंवा जखमेमुळे असमर्थ झालेल्या जनावराकडून काम करून घेणे, पुरेसे अन्नपाणी व निवारा न देणे, कुत्र्याला सतत आखूड साखळीने जखडून ठेवणे आणि पाळलेल्या प्राण्याला वाऱ्यावर सोडून देणे हे सारे गुन्हे ठरले. जास्त दूध मिळावे म्हणून गायी-म्हशींच्या योनिमार्गात हवा फुंकण्याच्या प्रकाराला तर तुरुंगवासाची तरतूद झाली. घरातला लाडका प्राणी आणि गोठ्यातले राबणारे जनावर यांच्यात या कायद्याने भेद केला नाही.

अर्थात, रुक्मिणीदेवींच्या अपेक्षा या कायद्याने पूर्ण केल्या नाहीत. आजन्म शाकाहारी असलेल्या आणि प्राण्यांवरील प्रयोगांना विरोध करणाऱ्या या स्त्रीच्या वाट्याला आलेल्या कायद्यात वैज्ञानिक प्रयोगांना मुभा होती, केवळ त्यांवर देखरेखीसाठी समितीची तरतूद होती. धार्मिक प्रथेनुसार होणारी प्राणिहत्या गुन्ह्याच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आली. शिक्षाही सौम्य होती. १९८२ च्या दुरुस्तीनंतरही पहिल्या गुन्ह्यासाठी दंड दहा ते पन्नास रुपये इतकाच राहिला.

अपुऱ्या कायद्याकडे पाठ फिरवण्याऐवजी तो राबवण्याची जबाबदारी त्यांनी स्वीकारली. कायद्यानुसार १९६२ मध्ये भारतीय प्राणी कल्याण मंडळ स्थापन झाले. रुक्मिणीदेवी त्याच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या आणि १९८६ मध्ये निधन होईपर्यंत, सुमारे २४ वर्षे, त्यांनी ही धुरा वाहिली. सरकारला सल्ला देणे आणि देशभरातील प्राणी कल्याण संस्थांना साहाय्य करणे ही या मंडळाची प्रमुख कामे होत.

याच काळात कायद्याच्या चौकटीत तपशीलवार नियम तयार झाले. १९६५ च्या नियमांनी ओझे ओढणाऱ्या व वाहणाऱ्या जनावरांसाठी भाराची मर्यादा ठरवली. दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीविना सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घेण्यास मनाई झाली. तापमान ३७ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक असलेल्या भागात दुपारी बारा ते तीन या वेळेत जनावर जुंपू नये, असेही ठरले. पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या मोळ्यांनी लादलेल्या, साखर कारखान्यांकडे निघालेल्या बैलगाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या नियमांचे मोल वेगळे सांगायला नको. १९७८ मध्ये प्राण्यांच्या वाहतुकीचे नियमही आले.

परदेशी प्रयोगशाळांसाठी होणारी माकडांची निर्यात हा त्या काळातील ज्वलंत प्रश्न होता. पोलिओ लसीच्या कामासाठी भारतातून मोठ्या संख्येने माकडे पाठवली जात. १९५५ मध्ये लंडनच्या विमानतळावर सुमारे चारशे माकडे गुदमरून मेल्यानंतर भारताने ही निर्यात काही काळ थांबवली होती. अखेरीस १९७८ मध्ये मोरारजी देसाई यांच्या सरकारने ती पूर्णतः बंद केली.

त्याच्या आदल्या वर्षी, १९७७ मध्ये, मोरारजींनी रुक्मिणीदेवींना राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारीविषयी विचारले होते. देशाच्या सर्वोच्च पदाचा हा प्रस्ताव त्यांनी नम्रपणे नाकारला. कलाक्षेत्र आणि प्राणी कल्याण हीच कार्यक्षेत्रे त्यांनी अखेरपर्यंत जपली. पद्मभूषण (१९५६) आणि संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार (१९५७) या सन्मानांनी गौरवलेल्या रुक्मिणीदेवींचे २४ फेब्रुवारी १९८६ रोजी चेन्नईत निधन झाले.

त्यांच्या प्रयत्नांतून साकारलेला कायदा आजही न्यायालयांत आणि समाजात चर्चेचा विषय आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कायद्याच्या आधारे तामिळनाडूतील जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली. त्यानंतर राज्यांनी कायद्यात दुरुस्त्या केल्या आणि २०२३ मध्ये घटनापीठाने त्या वैध ठरवल्या. परंपरा आणि प्राण्यांची वेदना यांत तोल कसा साधावा, हा प्रश्न त्यामुळे संपलेला नाही.

परंतु प्राण्याला वेदना देणे ही धन्याची खासगी बाब आहे, असे आता कोणालाही म्हणता येत नाही. आजारी मांजराला रस्त्यावर सोडणारा आणि लंगड्या बैलाला चाबूक मारणारा, दोघेही कायद्याला उत्तरदायी आहेत. तक्रार करायला पुढे येणाऱ्या सामान्य नागरिकाच्या हाती आज जे साधन आहे, ते मिळावे म्हणून रुक्मिणीदेवींनी स्वतःचे विधेयक मागे घेतले होते. त्या साधनाची धार वाढवणे आणि ते प्रत्यक्षात वापरणे हे काम मात्र पुढच्या पिढ्यांवर सोपवलेले आहे.