न्यूगेटमध्ये उंचावलेले हात

लंडनच्या न्यूगेट तुरुंगात १८१३ साली एलिझाबेथ फ्राय प्रथम गेल्या, तेव्हा तेथे सुमारे तीनशे स्त्रिया आपल्या मुलाबाळांसह दाटीवाटीने कोंडलेल्या होत्या. शिक्षा झालेली आणि खटल्याची वाट पाहणारी यांत भेद नव्हता. स्वयंपाक, धुणे आणि निद्रा एकाच जागी चाले.

१७८० साली नॉरिचच्या सधन क्वेकर घराण्यात जन्मलेल्या या बाईंनी दयेपोटी कपडे वाटले, हे खरे. परंतु त्यांचे मोठेपण त्यात नाही. १८१७ साली त्यांनी तुरुंगात मुलांसाठी शाळा आणि स्त्रियांसाठी शिवणकाम सुरू केले. त्या वेळी वर्तनाचा प्रत्येक नियम कैद्यांना वाचून दाखविण्यात आला आणि हात वर करवून त्यांची संमती घेण्यात आली. समाजाने ज्यांना टाकून दिले होते, त्यांना कोणीतरी मत विचारले. न्यूगेटमधील शिस्त या विश्वासातून आली.

१८१८ साली फ्राय यांनी कॉमन्स सभेच्या समितीपुढे साक्ष दिली. स्त्री-कैद्यांवर स्त्रियांचीच देखरेख असावी, हे तत्त्व १८२३ च्या कायद्याने मान्य केले. मात्र तपासणीची व्यवस्था त्यात नव्हती. १८३५ नंतर सरकारी निरीक्षक आले, ते एकांतकोठडीचे पुरस्कर्ते निघाले. फ्राय यांचा तिला विरोध होता. १८४५ साली त्या निवर्तल्या.

कायद्याने तुरुंगाला स्त्री-पहारेकरी दिल्या. परंतु कैदी स्त्रीला विचारण्याची रीत काही त्याने उचलली नाही. सुधारणेची खरी कसोटी मात्र तीच होय.