विश्लेषण : किर्लोस्करांच्या उद्योगाचे मूळ सायकलच्या दुकानात कसे?

रविवारी सकाळी पनवेलहून उरणमार्गे मोरा बंदराकडे निघालेल्या हौशी सायकलस्वाराच्या मनगटावर आज हृदयाचे ठोके मोजणारे घड्याळ असते, हँडलवर जीपीएस आणि मागच्या चाकाशी दहा-बारा दात्यांच्या चकत्यांचा संच. यातील बराचसा ऐवज परदेशातून येतो आणि बिघडला की दुरुस्त करणारा शोधावा लागतो. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी तर अख्खी सायकलच विलायतेहून येत असे. ती विकणे, चालवायला शिकवणे आणि दुरुस्त करणे हा धंदा दोन मराठी भावांनी बेळगावात सुरू केला. महाराष्ट्रातील एका मोठ्या उद्योगसमूहाची सुरुवात त्या दुकानापासून, म्हणजे १८८८ पासून मोजली जाते. मात्र दुकानाचे कर्ते लक्ष्मणराव किर्लोस्कर पुढे कारखानदार झाले तेव्हा त्यांनी सायकल बनवली नाही. असे का घडले?

लक्ष्मणराव मुळात यंत्रांकडे वळले कसे?

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. ‘शाकुंतल’ आणि ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावचे. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. धाकट्या मुलाचे लक्ष शाळेच्या पुस्तकांपेक्षा चित्रांत आणि यंत्रांत अधिक होते आणि वडिलांना ते रुचणे कठीण होते. थोरले बंधू रामचंद्रपंत, म्हणजे घरातले रामुअण्णा, यांनी वडिलांची समजूत घातली आणि खर्चाचा भार उचलला. लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

तिथे पहिला धक्का बसला. काही रंगांमधला फरक त्यांना ओळखता येत नाही, असे लक्षात आले. अंशतः रंगांध माणसाने चित्रकार होणे अवघडच. त्यांनी रंग सोडले, रेघ सोडली नाही. यांत्रिक आरेखनात रंगांचे काम नसते. यंत्राचा प्रत्येक भाग किती लांबीचा, किती जाडीचा आणि कुठे कशाला जोडलेला, हे कागदावर अचूक उतरवावे लागते. या कौशल्यावर त्यांना तेव्हा भायखळ्यात असलेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या ‘व्हीजेटीआय’मध्ये, शिक्षकाची नोकरी मिळाली. संस्थेच्या कर्मशाळेत त्यांना हवा तेवढा वेळ यंत्रांपाशी घालवता येऊ लागला. रेघ लोखंडात कशी उतरते, हे ते तिथे शिकले.

त्या काळची सायकल होती तरी कशी?

मुंबईच्या रस्त्यावर लक्ष्मणरावांनी सायकल पाहिली तेव्हा ते यंत्र युरोपातही नवेच होते. त्याआधीच्या सायकलला पुढे पुरुषभर उंचीचे चाक आणि मागे छोटेसे चाक असे. पायट्या थेट पुढच्या चाकाला जोडलेल्या असल्याने वेग हवा तर चाक मोठे करण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि एवढ्या उंचीवरून पडले की हाड मोडायचे. १८८५ मध्ये इंग्लंडच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ बाजारात आणली. तिची दोन्ही चाके जवळपास सारखी होती आणि साखळीने मागचे चाक फिरत होते. पुढच्या दात्यांचे चक्र मोठे, मागचे लहान, त्यामुळे लहान चाकातूनही वेग मिळू लागला. आजच्या गिअरच्या सायकलचे तत्त्व यापेक्षा वेगळे नाही.

१८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेला टायर आणला आणि हाडे खिळखिळी करणारा प्रवास सुसह्य झाला. बॉल बेअरिंग त्याआधीच आले होते. १८६९ मध्ये, लक्ष्मणरावांच्याच जन्मवर्षी, पॅरिस ते रूआन ही सायकल शर्यत बेअरिंग बसवलेल्या सायकलने जिंकली होती. साखळी, बेअरिंग, पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि रबर हे सगळे एका ठिकाणी आणणारे, सामान्य माणसाला हात लावता येईल असे यंत्र त्या काळात दुसरे क्वचितच होते. मिळकतीच्या मानाने महाग असले तरी ते आगगाडीच्या इंजिनासारखे दूरचे नव्हते. अंगणात उलटे करून ठेवले की त्याचे सगळे अवयव दिसत.

बेळगावचे दुकान चालायचे कसे?

लक्ष्मणरावांनी स्वतः सायकल घेतली, चालवायला शिकली, खोलून पुन्हा जोडली. मग मुंबईहून सायकली बेळगावला धाडायच्या आणि रामुअण्णांनी त्या विकायच्या, अशी व्यवस्था झाली. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ हे नाव या व्यवस्थेतून आले. बेळगाव लष्करी छावणीचे आणि कचेऱ्यांचे गाव, त्यामुळे अधिकारी, डॉक्टर, वकील असे गिऱ्हाईक तिथे होते. एका सायकलची किंमत ७०० ते १००० रुपये आणि चालवायला शिकवण्याची फी १५ रुपये होती, असे किर्लोस्करांविषयीच्या लेखनात आढळते. आज हे आकडे चकित करतात. सायकल गरिबाचे वाहन झाली ती फार पुढे, तेव्हा ती श्रीमंतांची चैन होती.

या धंद्यातली मेख शिकवणीच्या १५ रुपयांत होती. ज्याने कधी दोन चाकांवर तोल सांभाळलेला नाही, त्याला नुसती सायकल विकून उपयोग नव्हता. तो पडणार, यंत्राला दोष देणार आणि ते कोपऱ्यात लावून ठेवणार. म्हणून विक्री, शिकवणी आणि दुरुस्ती एकाच छपराखाली आली. सुटे भाग सातासमुद्रापलीकडून यायचे, त्यामुळे तुटलेला भाग इथेच सांधणे किंवा घडवणे भाग होते. दुरुस्ती करताना यंत्र कुठे झिजते आणि कुठे मोडते हे कळते. नवे यंत्र विकणाऱ्याला ते कळतेच असे नाही. सायकलच्या दुकानातून मोठा यंत्रोद्योग उभा राहणे ही त्या काळात जगभर घडलेली गोष्ट आहे. अमेरिकेत डेटन गावी राइट बंधूंनी १८९२ मध्ये सायकलचे दुकान काढले आणि तिथल्या मिळकतीवर विमान बनवले. इंग्लंडमध्ये मॉरिस मोटारींचे जनक विल्यम मॉरिस यांनी ऑक्सफर्डमध्ये आधी सायकली दुरुस्त केल्या.

नोकरी सोडण्याचे कारण काय?

लक्ष्मणराव अनेक वर्षे दोन नावांवर उभे होते. मुंबईत शिक्षक आणि बेळगावात दुकानाचे भागीदार. संस्थेत वरची जागा रिकामी झाली तेव्हा ती त्यांना मिळेल असे वाटत असताना एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला मिळाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले. पेन्शनची नोकरी सोडून विलायती सायकली विकायला गावी जाणे हे तेव्हाच्या मध्यमवर्गाला वेडेपणाचे वाटले असल्यास नवल नाही.

मग त्यांनी सायकलच का बनवली नाही?

याचे उत्तर सायकलच्या रचनेतच आहे. सायकल साधी दिसते, पण बनवायला अवघड आहे. तिच्या सांगाड्याला पातळ, हलक्या आणि तरीही न वाकणाऱ्या पोलादी नळ्या लागतात. बेअरिंगमधील प्रत्येक गोळी अगदी एकसारखी गोल आणि कठीण हवी. साखळीचे शंभरेक दुवे नेमक्या अंतरावर बसले नाहीत तर ती दात्यांवरून उतरते. यातले काहीही तेव्हा भारतात तयार होत नव्हते. टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यातून पोलाद बाहेर पडले ते १९१२ मध्ये. हवेचे टायर तर त्याहूनही पुढची गोष्ट. म्हणजे बेळगावात सायकल ‘बनवायची’ ठरवली असती तरी ती प्रत्यक्षात आयात भागांची जुळणी झाली असती.

बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, गणित वेगळे होते. पोलादापेक्षा कमी तापमानाला ते वितळते, वाळूच्या साच्यात ओतता येते आणि लहान भट्टीत काम भागते. लक्ष्मणरावांपाशी लेथ, ड्रिलिंग मशीन अशी मोजकी साधने होती. त्यांत होण्यासारखे आणि गिऱ्हाईक भोवतीच असलेले काय, असा विचार केला तर उत्तर शेतात सापडत होते. त्यांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र केले. हाताने चक्र फिरवायचे, चक्रावर पाती आणि पुढून कडबा सरकवायचा. त्यानंतर आला लोखंडी नांगर. सायकलचा मोह बाजूला ठेवण्याचा हा निर्णय त्यांच्या आयुष्यातील बहुधा सर्वात शहाणपणाचा होता, आणि त्याची चर्चा सर्वात कमी होते.

नांगर विकायला दोन वर्षे का लागली?

लाकडी नांगर जमीन उकरतो, लोखंडी नांगर ती खोलवर कापून पालथी करतो. दख्खनच्या काळ्या जमिनीत हरळी मुळापासून काढायची तर असाच नांगर हवा. पण शेतकऱ्यांमध्ये एक समज पक्का होता, की लोखंड लागले की जमीन विषारी होते. त्यामुळे पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे गेली. या समजुतीला हसणे सोपे आहे. मात्र ज्याचे वर्षभराचे पोट एका हंगामावर आहे, त्याने अनोळखी अवजार आपल्या शेतात उतरवण्याआधी दहा वेळा विचार केला तर ते रास्तच होते. शिवाय फाळाची धार टिकली नाही तर नांगर निरुपयोगी ठरतो, आणि बिडाला हवी तेवढी कठीण धार आणणे ही ओतकामातील कसोटी आहे.

इथे दुकानातला जुना अनुभव कामी आला. सायकल जशी चालवून दाखवावी लागे, तसा नांगर शेतात चालवून दाखवावा लागला. झिजलेला फाळ बदलून मिळेल, सुटा भाग गावात पोहोचेल, ही खात्री द्यावी लागली. नांगराचा फाळ हा वारंवार बदलावा लागणारा भाग, त्यामुळे एकदा विकलेला नांगर गिऱ्हाइकाला पुन्हा पुन्हा कारखान्याकडे आणत होता.

बेळगावातून उठावे लागले, पुढे काय?

नांगराला मागणी येऊ लागली आणि त्याच सुमारास शहराच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा रिकामी करण्याची पाळी आली. भट्टी, लेथ आणि माणसे घेऊन जायचे कुठे, हा प्रश्न होता. औंध संस्थानातील एका बांधकामामुळे लक्ष्मणरावांचा तिथल्या अधिपतींशी संबंध आला होता. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळचा माळ दिला आणि कर्जही दिले. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या ३२ एकर माळावर मार्च १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसू लागली.

बाळासाहेब हे सूर्यनमस्कारांचे खंदे प्रचारक. औंधच्या शाळांत त्यांनी नमस्कार सुरू केले आणि त्यांचे या विषयावरचे इंग्रजी पुस्तक १९३८ मध्ये लंडनमध्येही निघाले. कोणतेही साधन न लागणाऱ्या व्यायामाचा पुरस्कर्ता साधने बनवणाऱ्याच्या पाठीशी उभा राहिला, हा योगायोग गमतीचा आहे. आज व्यायामासाठी हजारोंची उपकरणे घेणाऱ्यांना त्यातली गंमत अधिक कळेल.

किर्लोस्करवाडीत शंभोराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर असे सहकारी आले. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रात्रीच्या पहाऱ्यावर नेमण्याचे धाडसही लक्ष्मणरावांनी केले. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडील जुन्या तोफा वितळवून नांगर ओतले गेले. १९२० मध्ये कंपनी मर्यादित झाली, त्याच वर्षी ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक निघाले. ग्राहकांशी बोलण्यासाठी निघालेले ते पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक म्हणून घराघरात गेले. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत ‘एमआयटी’त शिकून १९२६ मध्ये परतले आणि पंप व इंजिनांचे पर्व सुरू झाले.

भारतीय सायकल अखेर कधी आली?

मुंबईत ‘हिंद सायकल्स’ १९३९ मध्ये सुरू झाली, मद्रासची ‘टीआय’ १९४९ मध्ये. लुधियानात ‘हीरो’ने १९५६ मध्ये सायकली बनवायला घेतल्या. बेळगावच्या दुकानापासून ६८ वर्षे उलटली होती. त्याच वर्षी, २६ सप्टेंबर १९५६ रोजी, लक्ष्मणरावांचे निधन झाले.

त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९६९ मध्ये टपाल खात्याने तिकीट काढले. पुण्यात मॉडेल कॉलनीतील लकाकी रस्त्याचे नाव त्यांच्याच आद्याक्षरांवरून पडले आहे, हे तिथून रोज सायकलने जाणाऱ्यांपैकी अनेकांना ठाऊक नसते. बेळगावातील किर्लोस्कर रोड मात्र आडनावानेच ओळखला जातो.