निवारा देणारे डेव्हिड ससून

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात जिजाबाई, अहिल्याबाई किंवा सावित्रीबाई असाव्यात. मी मात्र दूर बगदादहून आलेल्या एका व्यापाऱ्याचे चरित्र निवडले आहे. त्याचे कारण शेवटी सांगेन.

ससून हे नाव आपण ऐकतो ते पुण्याच्या रुग्णालयामुळे. ससूनला नेले, ससूनमध्ये ठेवले, असे आपण सहज बोलतो. पण हे एका माणसाचे नाव आहे, हे कित्येकींच्या ध्यानीही नसते. मलाही ते फार उशिरा कळले. आजारी नणंदेला घेऊन पुण्यास गेले असता नव्या पेठेत डेव्हिड ससून अनाथ पंगुगृह ही पाटी माझ्या दृष्टीस पडली. पुणेकर त्या संस्थेला निवारा म्हणतात. वृद्ध व निराधार माणसांचे ते राहण्याचे ठिकाण आहे. तेव्हापासून या गृहस्थांविषयी जे मिळेल ते मी वाचत गेले.

डेव्हिड ससून यांचा जन्म १७९२ मध्ये बगदाद येथे एका प्रतिष्ठित ज्यू घराण्यात झाला. त्यांचे वडील सालेह हे तेथील पाशांचे खजिनदार व ज्यू समाजाचे प्रमुख होते. घरी कशाचीच वाण नव्हती. परंतु राजदरबारची मर्जी म्हणजे अळवावरचे पाणी. दाऊद पाशाच्या अमदानीत ज्यू लोकांचा छळ सुरू झाला आणि धनिक घराण्यांकडून पैसा उकळला जाऊ लागला. डेव्हिड यांनाही अटक झाली. वृद्ध पित्याने खटपट करून मुलाला सोडविले आणि वयाची पस्तिशी उलटलेले डेव्हिड जीव मुठीत धरून बगदादबाहेर पडले. बसऱ्यावरून ते इराणच्या किनाऱ्यावरील बुशहर या बंदरात पोहोचले. बायकामुले व म्हातारे वडील मागाहून तेथे आले.

मैत्रिणींनो, या ठिकाणी मी वाचता वाचता थांबले. सालेह तेव्हा ऐंशीच्या घरात होते. ज्यांच्या दारात कालपर्यंत माणसांची रीघ लागे, त्यांना उतारवयात परक्या बंदरात येऊन राहावे लागले. आणि १८३० मध्ये तेथेच त्यांनी देह ठेवला. आपले अंगण, आपली बोली, आपले शेजारी, सारे मागे राहिले. तरुण माणूस नव्या जागी पुन्हा मूळ धरतो, परंतु जुने झाड उपटून दुसरीकडे लावले तर ते जगत नाही. डेव्हिड यांनी हे आपल्या डोळ्यांनी पाहिले होते.

पुढे १८३२ च्या सुमारास ते मुंबईस आले व लहानशी पेढी घालून त्यांनी व्यापारास आरंभ केला. कापूस, सूत, कापड आणि इराणकडील माल यांची ते घेवाण-देवाण करीत. त्यांना आठ पुत्र होते. मुले हाताशी येताच त्यांनी त्यांना देशोदेशी धाडले. दुसरे चिरंजीव इलायस १८४४ मध्ये चीनला गेले. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध पेटले आणि तिकडचा कापूस विलायतेस जाणे थांबले. तेव्हा हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला व ससूनांची भरभराट झाली. एवढे वैभव आले, तरी त्यांनी आपला बगदादी पोशाख व पागोटे सोडले नाही. १८५३ मध्ये ते ब्रिटिश प्रजाजन झाले, तेव्हाही कागदावर सही केली ती हिब्रू अक्षरांत.

येथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. या घराण्याच्या पैशाचा मोठा भाग चीनला जाणाऱ्या अफूच्या व्यापारातून आला. तो व्यापार सरकारमान्य होता व मुंबईतील इतरही नामांकित पेढ्या त्यात होत्या. परंतु त्या अफूने चीनमधील किती संसार धुळीस मिळविले असतील! नवऱ्याच्या व्यसनापायी मंगळसूत्र गहाण टाकावे लागलेल्या बायका आपल्या मंडळात आहेत. त्यांना या व्यापाराचे समर्थन मी कोणत्या तोंडाने सांगू? दानाने मिळकतीचा डाग धुतला जातो, असे मला वाटत नाही. चरित्र लिहिताना दान व डाग दोन्ही सांगावेत, एवढेच मी जाणते.

आता त्यांच्या दानाविषयी. मिळकतीचा दहावा हिस्सा धर्मकार्यास द्यावा, असा ज्यू धर्माचा दंडक आहे आणि ससून हे मोठे धर्मनिष्ठ होते. मुंबईत गुन्हेगारीच्या वाटेस लागलेल्या मुलांना कामधंदा शिकवून सुधारणारी शाळा त्यांच्या साहाय्याने १८५७ मध्ये निघाली. ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. भायखळ्याचे प्रार्थनामंदिर त्यांनीच बांधविले. पुण्यास त्यांचा बंगला होता. तेथील सार्वजनिक रुग्णालयासाठी १८६३ मध्ये त्यांनी मोठी देणगी दिली व ते जातिधर्म न पाहता सर्वांसाठी उघडले गेले. पुण्याचे ज्यू प्रार्थनामंदिर, ज्याला लोक लाल देऊळ म्हणतात, तेही त्यांच्याच दानाचे.

निवाऱ्याची गोष्टही त्याच दशकातील. म्हातारे, आंधळे, पांगळे, ज्यांना पुढेमागे कोणी नाही, अशांसाठी त्यांच्या देणगीतून हे घर उभे राहिले. आपल्याकडे वृद्धाश्रम हा शब्दसुद्धा तेव्हा कोणी ऐकला नसेल. रुग्णालयात माणूस बरा होऊन घरी जातो. पण ज्याला घरच नाही, त्याने कोठे जावे? देणाऱ्याच्या मनात काय होते, ते कोणी लिहून ठेवल्याचे माझ्या वाचनात नाही. तरी बुशहरच्या त्या वृद्ध पित्याची आठवण त्यात असावी, असे माझे मन म्हणते.

रुग्णालयाची इमारत व लाल देऊळ १८६७ मध्ये पुरे झाले. परंतु ते पाहण्यास डेव्हिड ससून राहिले नाहीत. नोव्हेंबर १८६४ मध्ये पुण्यास त्यांचा अंत झाला. लाल देवळाच्या आवारात त्यांची समाधी आहे. पुढे त्यांचे वंशज विलायतेस गेले, पेढ्या बंद झाल्या, मुंबईच्या वाड्यात मसीना रुग्णालय आले. निवारा मात्र दीडशे वर्षांहून अधिक काळ टिकला, कारण एकाने दिलेले दान पुढे अनेकांनी सांभाळले.

आता हे चरित्र निवडण्याचे कारण सांगते. आपल्या शेंद्र्याच्या शिवारात कारखाने आले. लेक पाळीवर जातो, सून कामावर जाते, नातवंडे शाळेत जातात. चैत्रात मांगीरबाबांच्या यात्रेला घर माणसांनी भरते. एरवी म्हातारे माणूस दिवसभर भिंतीकडे पाहत बसते. दुसऱ्याचे कशाला सांगू? मी स्वतः कामावर जाताना सासूबाईंसाठी भाकरी झाकून ठेवीत असे. संध्याकाळी येऊन पाहावे तो भाकरी तशीच. एकटीच्या घशाखाली घास उतरत नाही, हे मला त्या गेल्यावर उमगले. त्या परागंदा नव्हत्या. आपल्याच घरात परक्या झाल्या होत्या.

आपल्या मंडळाची खोली सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत रिकामी असते. गावातील वृद्धांनी तेथे येऊन बसावे, दोघीदोघींनी पाळीपाळीने त्यांच्याजवळ थांबावे, दुपारी चार घास सर्वांनी मिळून खावेत, अशी सूचना मी पुढील सभेत मांडणार आहे. आपल्यात कोणी ससून नाही. परंतु भिशीच्या दिवशी प्रत्येकीने घरून पसाभर धान्य आणले, तरी पुष्कळ होईल; आणि ते आपल्या घामाचे असेल. सभेस सर्वांनी अवश्य यावे आणि येताना घरच्या आजीलाही बरोबर आणावे.