खलिफाच्या घरातला दिवा



हा लेख विशेषतः अशा पित्यांसाठी आहे, जे घरातून निघतात तेव्हा मुले झोपलेली असतात आणि परततात तेव्हाही झोपलेलीच असतात. कुटुंबासाठी हलाल रोजी मिळविणे हे आपले कर्तव्य आहे, यात शंका नाही. परंतु त्या धावपळीत घराचा हक्क आणि स्वतःच्या अंतःकरणाचा हक्क मागे राहतो. म्हणून आज आपण अशा एका पित्याची ओळख करून घेऊ, ज्याच्या खांद्यावर सिंधपासून अंदलूसपर्यंत पसरलेल्या राज्याचा भार होता. ते म्हणजे हजरत उमर बिन अब्दुल अजीज (रह.).

त्यांच्या मातोश्री हजरत उमर फारूक (रजि.) यांच्या नात, तर वडील अब्दुल अजीज हे इजिप्तचे राज्यपाल. वडिलांनी मुलाला शिक्षणासाठी मदीनेत सालेह बिन कैसान (रह.) यांच्या देखरेखीखाली ठेवले. एके दिवशी मुलाला नमाजीस उशीर झाला. गुरुजींनी कारण विचारले तेव्हा केस विंचरण्यात वेळ गेल्याचे कळले. त्यांनी ही गोष्ट इजिप्तला कळविली. वडिलांनी तात्काळ माणूस पाठवून मुलाचे डोके भादरविले. शिक्षा कठोर होती खरी. पण आपण त्यामागची जागरूकता पाहावी. एका प्रांताचा कारभार पाहणारा पिता शेकडो कोस दूर असूनही मुलाच्या एका नमाजीची खबर ठेवत होता.

पुढे इ.स. ७०६ मध्ये उमर (रह.) मदीनेचे राज्यपाल झाले. त्या काळात उंची वस्त्रे व अत्तरे यांची त्यांना आवड होती. सफर महिना, हिजरी ९९, म्हणजेच इ.स. ७१७ मध्ये खलिफा सुलैमान यांचे निधन झाले आणि खिलाफतीची जबाबदारी त्यांच्यावर आली. दफनविधी आटोपल्यावर शाही घोडे समोर आणले गेले. ते नाकारून त्यांनी आपलेच खेचर मागविले.

रात्रभराच्या जागरणाने थकून ते घरी आले व जरा पडावे म्हणून आत गेले. तेवढ्यात त्यांचा तरुण मुलगा अब्दुल मलिक समोर उभा राहिला. लोकांचे बळकावलेले हक्क परत करण्यापूर्वीच आपण झोपणार का, असे त्याने विचारले. जुहरच्या नमाजीनंतर ते काम करीन, असे वडील म्हणाले. जुहरपर्यंत आपण जिवंत राहाल याची हमी कोणी दिली आहे, असा मुलाने पुन्हा प्रश्न केला. यावर खलिफा रागावले नाहीत. त्यांनी मुलाला जवळ घेतले, त्याच्या कपाळाचे चुंबन घेतले, अशी संतती दिल्याबद्दल अल्लाहचे आभार मानले आणि विश्रांती न घेता ते उठले. ज्याच्यावर अन्याय झाला असेल त्याने पुढे यावे, अशी दवंडी त्यांनी पिटविली.

बंधूंनो, ज्या घरात मुलगा वडिलांना असे विचारू शकतो, ते घर एका दिवसात उभे राहत नाही. ते रोजच्या लहान सवयींनी घडते.

त्यांची पहिली सवय अशी की, आजचे काम उद्यावर टाकायचे नाही. थोडे फिरून विश्रांती घ्यावी, काम उद्या होईल, असे कोणीतरी सुचविले. एका दिवसाचे काम जड जाते, तर दोन दिवसांचे एकत्र कसे पेलणार, असे त्यांचे म्हणणे पडले. दुसरी सवय दिव्याची. सरकारी कामासाठी बैतुलमालच्या तेलाचा दिवा जळे. घरगुती बोलणे निघाले की तो विझवून स्वतःचा दिवा लावला जाई. कारभार कोठे संपतो व घर कोठे सुरू होते, हे त्या दिव्यामुळे स्पष्ट होई.

तिसरी सवय म्हणजे ईशानंतर मुलींची विचारपूस. एकदा ते आत आले तेव्हा मुलींनी तोंडावर हात धरले. घरात डाळ व कांद्यावाचून काही नव्हते आणि पित्याला कांद्याचा वास येऊ नये म्हणून त्या तसे करीत होत्या. हे ऐकून त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी मुलींना जवळ बसवून समजाविले की, तुम्हाला पक्वान्ने मिळावीत आणि त्यापायी तुमचा पिता नरकाग्नीत जावा, यात तुमचे काय भले? ते ऐकून मुलीही रडल्या. त्यांना जे देता येत नव्हते, त्याचे कारण पित्याने स्वतः बसून सांगितले. आपण मात्र वस्तू आणून देतो आणि बसत नाही.

चौथी सवय रात्रीच्या आत्मपरीक्षणाची. विद्वानांसोबत मृत्यू व आखिरतचे स्मरण होई. नंतर घरातल्या नमाजीच्या जागी झोप येईपर्यंत दुआ आणि अश्रू. पत्नी फातिमा (रह.) यांनी त्यांच्या निधनानंतर ही साक्ष दिली आहे.

आता शेवटची गोष्ट ऐकावी. जुहरपर्यंतच्या आयुष्याची हमी विचारणारा तो अब्दुल मलिक वडिलांच्या हयातीतच आजारी पडून वारला. पित्याने त्याला स्वतः निरोप दिला. त्याने विचारलेला प्रश्न किती खरा होता! मुलांसाठी आपण ठेवलेला 'उद्या' कोणाच्या हाती आहे? स्वतः उमर (रह.) रजब १०१ हिजरी, म्हणजे इ.स. ७२० मध्ये, सुमारे चाळिसाव्या वर्षी अल्लाहच्या भेटीस गेले. मुलांसाठी त्यांनी फार थोडी संपत्ती मागे ठेवली आणि त्यांना अल्लाहच्या हवाली केले.

म्हणून आजपासून एवढेच करू या. घरात पाऊल टाकताना सलाम करावा. ईशानंतर दुकानाचा हिशेब आणि मोबाईल बाजूला ठेवून थोडा वेळ मुलांजवळ बसावे आणि आजची कोणती नमाज राहिली, हे प्रेमाने विचारावे. झोपण्यापूर्वी स्वतःलाही तोच प्रश्न विचारावा. हा दिवा लहान आहे, पण घर उजळण्यास पुरेसा आहे.

अल्लाह आपल्या सर्वांना याची तौफिक देवो. आमीन.