गैरहजर कामगार आणि जमशेटजी

रामटेकहून नागपूरला गेलात की गांधीसागराजवळच्या एम्प्रेस मॉलमध्ये चक्कर होतेच ना? त्या जागेवर आधी एम्प्रेस मिल होती. टाटा म्हटलं की आपल्याला पोलाद आणि गाड्या आठवतात. पण कामगार सांभाळायचा धडा जमशेटजी टाटांनी आपल्या नागपुरात गिरवला.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ चा, नवसारीचा. कॉलेज मुंबईचं, एल्फिन्स्टन. १८७४ मध्ये त्यांनी १५ लाखांच्या भांडवलावर कंपनी काढली. मुंबई सोडून नागपूर का? कापूस जवळ, रेल्वे आलेली, वरोऱ्याचा कोळसाही फार लांब नाही. १ जानेवारी १८७७ ला गिरणी सुरू झाली.

आणि लगेच अडचणी! यंत्रं स्वस्तातली, माल हलका. त्याच वर्षी मजुरीवरून संप झाला. देशातल्या अगदी सुरुवातीच्या संपांत त्याची गणना होते. वर रोज बरेच कामगार गैरहजर.

तुम्ही मॅनेजर असता तर काय केलं असतं? दंड? थेट घरी पाठवलं असतं?

जमशेटजींनी आधी गिरणी बदलली. चांगली यंत्रं आणली, हवा दमट ठेवायची सोय केली, आगीसाठी पाण्याचे फवारे बसवले. कारभार रेल्वेतून आलेल्या बेझनजी मेहतांकडे दिला. खेळांच्या स्पर्धा, बक्षिसं सुरू झाली. १८८६ मध्ये पेन्शन फंड, १८९५ पासून अपघाताची भरपाई. भरपाईचा कायदा देशात आला १९२३ मध्ये, म्हणजे तब्बल २८ वर्षांनी!

हा काही दानधर्म नव्हता. कामगार टिकला की हात बसतो, हात बसला की माल सुधारतो, हा साधा धंद्याचा हिशेब होता. म्हणून सगळं गोड झालं असंही नाही. मजुरीचे वाद पुढेही झालेच. पण म्हातारपणी आणि अपघातात कंपनी आपल्याला वाऱ्यावर सोडणार नाही, हे कामगाराला दिसलं. भरवसा असाच बसतो, भिंतीवर सुविचार लावून नाही.

१९ मे १९०४ ला जमशेटजी जर्मनीत वारले. गिरणी २००२ मध्ये कायमची बंद पडली.

उद्या कॅम्पस इंटरव्ह्यूला बसाल तेव्हा पॅकेज विचाराच. सोबत एवढंही विचारा: इथे माणसं किती वर्षं टिकतात?